बीजीएमआय स्पर्धेसाठी खेळायचंय? कोकणातल्या खेळाडूंचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गुहागरपासून वेंगुर्ल्यापर्यंत आता बरीच मुलंमुली बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, चौघांच्या टीमने फोनवर खेळायचा, शेवटपर्यंत जिवंत राहायचा बंदुकांचा गेम) टाइमपासच्या पुढे जाऊन स्पर्धेसाठी खेळू लागली आहेत. त्यांच्याकडून आणि त्यांच्या आईवडलांकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केलेत. माझं मत आधीच सांगून टाकते. नेमबाजीवर सगळेच बोलतात, पण सामना बहुतेक वेळा गोळी सुटण्याआधीच ठरलेला असतो. तुम्ही कुठे उभे होता, तुम्हाला काय माहीत होतं आणि तुमचे तीन साथीदार कुठे होते, यावर तो ठरतो. हे शिकायला महागडा फोन लागत नाही, उत्तम रेंजही रोज लागत नाही. खालची सगळी उत्तरं याच समजुतीतून दिली आहेत.

मी क्राउन टियरला (दर्जाला) आहे, कधीकधी वरच्या एसलाही पोचतो. मग कस्टम रूममध्ये (पासवर्ड देऊन खेळायच्या खाजगी सामन्यात) आमची टीम पहिल्या दहा मिनिटांत का उडते?

कारण क्लासिक (गेममधला रोजचा खुला सामना) आणि स्पर्धा यांत फक्त नकाशाच सारखा आहे. क्लासिकमध्ये १०० जण उतरतात, त्यात बॉट (संगणक चालवतो ते खेळाडू) असतात, आणि उरलेल्यांपैकी कितीतरी जण पोचिन्की या गावात उड्या मारून पाच मिनिटांत एकमेकांना संपवतात. पुढचा अर्धा नकाशा रिकामा होतो. तुम्ही ज्या घरात आरामात शिरता, ते घर म्हणूनच रिकामं मिळतं. टियर वाढतो तो भरपूर सामने खेळून आणि शेवटपर्यंत टिकून. कॉन्करर ही सर्व्हरवरच्या पहिल्या ५०० जणांची जागा आहे, आणि तिथे पोचायला खेळाइतकाच वेळही ओतावा लागतो.

स्पर्धेत साधारण १६ टीम असतात, म्हणजे ६४ खरे खेळाडू. विनाकारण कोणी मरायला जात नाही. नकाशावरचं सुरक्षित वर्तुळ (झोन) लहान होत आलं तरी दहा-दहा टीम जिवंत असतात, आणि प्रत्येक चांगल्या कंपाउंडमध्ये (घरांच्या आवारात), प्रत्येक रिजमागे (चढाच्या धारेमागे) कोणीतरी आधीच बसलेलं असतं. क्लासिकमधून लागलेली ‘आधी लूट (बंदुका-गोळ्या गोळा करणं), मग बघू’ ही सवय इथे अंगाशी येते.

गुणांचं गणितही बघा. सध्या मोठ्या स्पर्धांत पहिल्या क्रमांकाला १०, मग पुढच्यांना ६, ५, ४, ३, २, १ आणि आठव्याला १ गुण मिळतो. नवव्यापासून खाली शून्य. प्रत्येक किलला (मारलेल्या खेळाडूला) १ गुण. चार किल करून बाराव्या नंबरावर गेलात तर ४ गुण. तेच चार किल तिसरे येऊन केलेत तर ९. एका सामन्यात फरक छोटा दिसतो, सहा सामन्यांत तोच टेबलाचा वरचा आणि खालचा भाग ठरवतो. स्थानिक स्पर्धांत जुनी गुणपद्धत अजून दिसते, म्हणून नियम आधी वाचा आणि मग डावपेच ठरवा.

सुरुवात कुठून करू?

नकाशापासून, आणि तोही एकच घ्या. एरँगल. आठ बाय आठ किलोमीटरचा हा नकाशा बहुतेक स्पर्धांत असतोच. सनोक, मिरामार नंतर.

नकाशा येणं म्हणजे गावांची नावं पाठ असणं नव्हे. कुठल्या गावातून बाहेर पडायला किती रस्ते आहेत, गाडी बहुतेक वेळा कुठे मिळते, कुठल्या उतारावरून कुठला रस्ता दिसतो, हे डोळे मिटून सांगता आलं पाहिजे. सोस्नोव्हकाचा लष्करी तळ घ्या. लूट भरपूर आहे, म्हणून नवी टीम तिथे उतरते. पण तो दक्षिणेचं बेट आहे आणि मुख्य भूमीवर यायला दोनच पूल. वर्तुळ उत्तरेला सेव्हर्नी-स्टाल्बरकडे गेलं की तुमच्यापुढे दोन पूल, एखादी बोट किंवा पोहणं एवढेच पर्याय उरतात. पुलाच्या तोंडाशी बसलेल्या टीमला हे ठाऊक असतं. म्हणून तिथे उतरायचं ठरवलं तर लूट अर्धी सोडून पहिलं वर्तुळ दिसताच निघायची तयारी हवी. ती तयारी नसेल तर दुसरीकडे उतरा.

हा अभ्यास कागदावर होतो. नकाशाचा फोटो प्रिंट करून घ्या. वर्तुळ कुठेही काढा आणि तुमच्या उतरण्याच्या जागेवरून तिथे जायचे तीन रस्ते पेन्सिलीने आखा. दिवे गेलेले असताना, टॉवर बंद असताना करायला याहून चांगलं काम नाही.

पुढचा झोन कुठे पडणार हे आधी कळतं का?

नक्की कळत नाही. पुढचं पांढरं वर्तुळ आधीच्या आत कुठेही पडू शकतं. वर्तुळाचा मोठा भाग समुद्रात असेल तर पुढचं वर्तुळ जमिनीकडे सरकेल असा अंदाज खेळाडू बांधतात, आणि तो बऱ्याचदा बरोबर येतो. पण अंदाजापेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. झोन विरुद्ध बाजूला गेला तर आपण काय करणार, याचं उत्तर टीमकडे वर्तुळ सरकण्याआधी तयार हवं.

आत जायच्या दोन रीती आहेत. एक, लवकर मधोमध जाऊन एखादं कंपाउंड धरायचं. दुसरी, निळ्या झोनच्या (वर्तुळाबाहेरच्या, जीव घटवणाऱ्या भागाच्या) कडेकडेने, पाठ सुरक्षित ठेवून हळूहळू सरकायचं. कडेने जाणाऱ्याला मागून धोका कमी, पण समोर जागा अडवून बसलेल्या टीमशी भिडावं लागतं. मध्ये बसणाऱ्याला चारी बाजूंनी गोळ्या, पण धावावं लागत नाही. नव्या टीमने पहिले काही महिने लवकर आत जायचं धोरण ठेवावं असं मला वाटतं. नवी टीम सर्वांत जास्त मार खाते ती उघड्या माळावर धावताना. भिंतीमागे बसून निदान माहिती मिळते, आणि कोण कुठून सरकतंय ते बघत बसणं हाच पहिला मोठा धडा आहे.

भिडायचं कधी आणि सोडून द्यायचं कधी?

सगळ्या प्रश्नांत मला हा सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर.

आपल्याकडे कबड्डी गावागावांत खेळतात. चढाईला गेलेला चांगला खेळाडू मध्यरेषा किती लांब आहे हे मनात ठेवूनच आत शिरतो. फाइट घेतानाही हेच. परतीची जागा ठरवल्याशिवाय पहिली गोळी मारू नका. मागे भिंत आहे का? गाडी कुठे उभी आहे? स्मोक (धुराचे बॉम्ब) किती उरलेत?

मग स्वतःला विचारा की या फाइटमधून आपल्याला मिळणार काय. समोरची टीम आपल्या वाटेत उभी आहे, किंवा तिची जागा आपल्याला हवी आहे, किंवा ती उघड्यावर सापडली आहे, तर भिडा. नुसती दिसली म्हणून चारशे मीटरवर स्प्रे (सलग गोळ्या) मारू नका. त्याने कोणी मरत नाही, आणि आजूबाजूच्या तीन टीमना तुमचा पत्ता कळतो. फायरिंगचा आवाज ऐकून तिसरी टीम येतेच. त्यामुळे फाइट लांबली की ती दोघांच्याही हातातून निसटते.

समोरचा एक जण नॉक झाला (जखमी होऊन पडला) की काही क्षण तुम्ही चार आणि ते तीन असता, त्यातलाही एक जण बहुतेक स्मोक टाकून रिव्हाइव्ह करायच्या (त्याला उठवायच्या) धडपडीत. पुढे घुसायचं असेल तर तेव्हाच. ‘थांब, हील करतो’, ‘गोळ्या भरतो’ करत वेळ गेला की ते पुन्हा चार होतात, आणि आता त्यांना तुमची जागाही ठाऊक असते. उलट पहिल्या झटक्यात नॉक मिळाला नाही, तर त्याच खिडकीतून पुन्हा डोकं काढू नका. समोरच्याने नेम तिथेच लावून ठेवलेला असतो. जागा बदला किंवा साथीदाराला दुसऱ्या बाजूने फिरू द्या.

आपला माणूस नॉक झाला तर? नव्या टीममध्ये तिघेही त्याच्याकडे धावतात आणि एका नेडमध्ये (हातबॉम्बमध्ये) चौघे जातात. एकाने स्मोक टाकायचा, आणि तो पडलेल्याच्या अंगावर टाकण्यापेक्षा त्याच्या आणि शत्रूच्या मध्ये टाकायचा. एकाने उचलायचं. तिसऱ्याने शत्रूकडे बंदूक रोखून धरायची. कोण काय करणार हे सामन्याआधी ठरलेलं हवं.

नेम सुधारण्यासाठी रोज काय करू?

ट्रेनिंग ग्राउंडवर वीस मिनिटं, पण ठरवून. आधी एम४१६ ही बंदूक आणि रेड डॉट (जवळच्या नेमाचा स्कोप) घेऊन जवळच्या लक्ष्यावर पूर्ण मॅगझिन मारा, गोळ्या एका जागी पडेपर्यंत. मग ३एक्स (तिप्पट मोठं दाखवणारा स्कोप). मग ६एक्स कमी करून ३एक्सवर आणून. बंदूक वर उचलली जाते, तेव्हा बोट किंवा फोन सावकाश खाली ओढत राहायचं. कॉम्पेन्सेटर आणि ग्रिप (बंदुकीचा झटका कमी करणारे भाग) लावून सगळेच मारतात; एखादा दिवस काहीही न लावता मारून बघा, कारण सामन्यात पहिली फाइट बऱ्याचदा उघड्या बंदुकीनेच होते.

त्यानंतर टीडीएमचे (टीम डेथमॅचचे) दोन-तीन सामने. वेअरहाउसमध्ये ४० किलपर्यंत चालणारा हा सामना पीक करायला (आडोशातून डोकावायला), लीन करायला (बाजूला झुकायला) उत्तम. मात्र तिथे मेलं की लगेच परत उभं राहता येतं, त्यामुळे जिवाची किंमत कळत नाही. फक्त टीडीएम खेळणारी मुलं नेमात तरबेज होतात आणि स्पर्धेत पहिल्या झोनमध्ये उडतात.

गायरो शिकू का? आणि बोटं किती वापरायची?

गायरो शिका. फोन हलवून बंदूक खाली दाबता येते, त्यामुळे अंगठा मोकळा राहतो. पहिले पंधरा-वीस दिवस खेळ बिघडेल, किल कमी होतील. तेवढे सोसा. फक्त स्कोप लावल्यावर चालू राहील असा पर्याय आहे, त्यापासून सुरुवात केलेली बरी.

बोटांबद्दल माझा आग्रह नाही. दोन अंगठ्यांवर खेळताना धावणं, बघणं आणि गोळी मारणं एकाच वेळी जमत नाही, हे खरं. तीन बोटांवर यायला फार त्रास होत नाही. चार बोटांचा क्लॉ (पंजासारखी पकड) प्रत्येकाच्या हाताला मानवतोच असं नाही. मनगट किंवा अंगठ्याचं मूळ दुखू लागलं तर त्या दिवशी थांबा. दुखऱ्या हाताने सराव केलात तर पुढे महिनाभर घरी बसावं लागेल.

मोठ्या खेळाडूंचा सेन्सिटिव्हिटी कोड (बोट फिरवल्यावर नेम किती हलतो त्याचं सेटिंग) टाकला, तरी गोळ्या वरच जातात.

त्यांचा फोन वेगळा, स्क्रीनचा आकार वेगळा, पकड वेगळी. कोड सुरुवात म्हणून टाका आणि मग एका वेळी एकच आकडा थोडाथोडा बदला. एकदा जमला की महिनाभर हात लावू नका. दर दोन दिवसांनी सेटिंग बदलणाऱ्याच्या हाताला सवय लागायला वेळच मिळत नाही.

माझा फोन साधा आहे. मुंबईच्या दादासारखा नवीन घेतल्याशिवाय काही होणार नाही का?

गणपतीला चाकरमानी येतात, त्यांच्या फोनवर गेम लोण्यासारखा चालतो, आणि मग आपल्या फोनचा राग येतो. समजू शकते. पण आधी आहे त्याच्यातून काय निघतं ते बघा.

ग्राफिक्स ‘स्मूथ’वर ठेवा. फ्रेम रेट तुमचा फोन शेवटच्या झोनपर्यंत टिकवू शकेल तेवढाच ठेवा. एक्स्ट्रीमवर ६० फ्रेम मिळतात, पण फाइटमध्ये त्या अडखळत असतील तर अल्ट्राच्या स्थिर ४० बऱ्या. शेवटच्या वर्तुळात स्मोक, गाड्या, गोळ्या सगळं एकत्र येतं आणि फोनचा कस तिथे लागतो. नको ती अ‍ॅप्स काढा, मेमरी मोकळी ठेवा.

आपल्या हवेत फोन तापण्याचा त्रास जास्त. एप्रिल-मेमध्ये दुपारी पत्र्याखाली बसून खेळलात तर कुठलाही फोन तापून मंद होणारच. कव्हर काढा, चार्जिंगला लावून खेळू नका, उजेड कमी ठेवा, पंख्याखाली किंवा पडवीत बसा. दमट हवेत बोटाला घाम येऊन ते स्क्रीनवर अडखळतं. बोटात घालायच्या बारीक कापडी स्लीव्ह मिळतात, त्या घ्या. मला तरी कमी पैशांत याहून मोठी सुधारणा माहीत नाही.

आमच्या वाडीत रेंजच नाही. पावसाळ्यात तर दिवेही जातात. सराव कसा करायचा?

या प्रश्नाचं उत्तर मुंबई-पुण्याच्या कुठल्याही व्हिडिओत मिळत नाही, म्हणून नीट लिहिते.

पहिलं म्हणजे, स्पीड आणि पिंग (गेमच्या सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत) वेगळे. गेमला डेटा फार लागत नाही, पण तो सतत, न अडखळता यावा लागतो. पिंग कायम ७० राहिला तर उत्तम खेळता येतं. तो ४० वरून २०० वर उड्या मारत असेल तर आकडा सरासरीने चांगला दिसूनही तुम्ही भिंतीमागे पोचल्यावर मरता. म्हणून जागा निवडताना एकदा बघून ठरवू नका. वेगवेगळ्या वेळी तिथे पाच-पाच मिनिटं बसून बघा. संध्याकाळी सगळा गाव मोबाइलवर असतो तेव्हा टॉवरवर गर्दी होते. पहाटे तीच जागा छान चालते.

घरात फायबर असेल तर राउटरच्या जवळ बसा. आपल्या चिऱ्याच्या भिंती जाड असतात. वायफायचा ५ गिगाहर्ट्‌झचा बँड वेगवान असला तरी अशा दोन भिंतींपलीकडे तो नीट पोचत नाही. राउटर ज्या खोलीत आहे तिथेच बसायचं असेल तर ५, नाहीतर २.४ वापरा. विजा कडाडायला लागल्या की राउटरचा प्लग काढा, मग सामना अर्धा राहिला तरी चालेल.

रेंजसाठी सड्यावर जाऊन खेळणारी मुलं मी बघते. दिवसा, उघाड असताना ठीक आहे. पावसात आणि विजा असताना मोकळ्या सड्यावर थांबू नका, एवढं मात्र कळकळीने सांगते.

आणि जून ते सप्टेंबर हे महिने वाया जातात असं समजू नका. अपडेट साधारण दर दोन महिन्यांनी येतं आणि ते मोठं असतं. तालुक्याला गेलात की वायफायवर उतरवून घ्या, त्याच फेरीत मोठ्या स्पर्धांचे सामनेही फोनवर साठवून आणा. घरी ते बघा, पण किल बघत बसू नका. एकच टीम निवडा. ती कधी निघाली, कुठल्या रस्त्याने गेली, कुठे थांबली, याची नोंद करा. पुढे काय होणार ते व्हिडिओ थांबवून आधी लिहा आणि मग पडताळा. पावसाळाभर हे केलेला खेळाडू गणपतीनंतर वेगळाच खेळतो.

हेडफोन कुठला घेऊ?

वायरचा. ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा पोचतो, आणि पावलांचा आवाज उशिरा कळून उपयोग नाही. पत्र्यावर पाऊस वाजत असेल तर कान पूर्ण झाकणारा हवा. किंमत दुय्यम, डावं-उजवं स्पष्ट कळतंय ना, एवढं बघा.

मेल्यावर आम्ही लगेच पुढचा सामना लावतो. चूक आहे का?

हो. शिकण्याची सगळी संधी त्या दोन मिनिटांत असते.

डेथ रिप्ले (आपण कसे मेलो ते पुन्हा दाखवणारी सोय) चालू ठेवा, किंवा फोनचं स्क्रीन रेकॉर्डिंग लावा. शेवटचे पाच सेकंद बघून ‘नेम चुकला’ म्हणू नका. एक मिनिट मागे जा. तुम्ही त्या जागी का गेलात? समोर कोणी आहे हे तुम्हाला माहीत होतं का, आणि नसेल तर कळायचा काही मार्ग होता का? साथीदार किती लांब होता? मग एका वहीत एकच शब्द लिहा: माहिती, आडोसा, एकटा किंवा नेम. मरणाचं कारण या चारांपैकी कुठलं, एवढंच. काही आठवड्यांनी वही चाळलीत की तुमचा खरा दोष दिसेल. ज्याच्या वहीत ‘एकटा’ सारखं येतं त्याने ट्रेनिंग ग्राउंडवर तासन्‌तास घालवून काही होणार नाही. त्याने साथीदारापासून किती लांब राहायचं ते शिकायला हवं.

चौघांनी आठवड्यातून एकदा एकत्र बसून एक हरलेला सामना बघा. जिंकलेला सामना बघताना कोणी काही शिकत नाही, सगळे फक्त खूश होतात.

टीममध्ये कोणी काय करायचं? आयजीएल म्हणजे नक्की काय?

आयजीएल (इन-गेम लीडर) सामन्यातले निर्णय घेतो: कुठे उतरायचं, कधी निघायचं, कुठली फाइट सोडायची. एन्ट्री घेणारा पहिला आत घुसतो. सपोर्ट स्मोक, नेड, रिव्हाइव्ह सांभाळतो आणि घुसणाऱ्याच्या मागोमाग राहतो. चौथा जरा लांबून नजर ठेवतो आणि बाजूने येणाऱ्या टीमची खबर देतो.

गावाकडच्या टीममध्ये ज्याचा नेम सर्वांत चांगला त्यालाच आयजीएल करतात. बऱ्याचदा हे फसतं. फाइटमध्ये गुंतलेल्या माणसाला नकाशा दिसत नाही. जो शांत बोलतो, ज्याला झोनची वेळ लक्षात राहते आणि ज्याचं बाकी तिघं ऐकतात, त्याला द्या. त्याचे किल कमी पडले तर बोलून दाखवू नका. त्याने दिलेला कॉल चुकीचा वाटला तरी त्या क्षणी चौघांनी तोच पाळा आणि वाद सामन्यानंतर घाला. चौघांनी मिळून केलेली चूक निभावते. दोघे इकडे आणि दोघे तिकडे गेले की निभावत नाही.

कॉल मालवणीत दिले तर चालतील का?

घाईत जी भाषा तोंडात येते तीच बोला. ‘थंय आसा, थंय’ मात्र नको, कारण तुमच्या स्क्रीनवरचं ‘थंय’ साथीदाराच्या स्क्रीनवर नसतं. वरच्या कंपासचा आकडा सांगा, मग किती जण, मग कुठे. ‘टू-वन-फाइव्ह, दोन, दगडामागं.’ आकडा एक-एक करून सांगितला की ऐकण्यात चूक होत नाही. मार्कर टाका. नॉक झाल्यावर ‘अरे मेलो, अरे बघ रे’ असा कल्ला केला तर बाकीच्यांना पावलं ऐकू येत नाहीत. कोणी मारलं आणि त्याला किती लागलंय, एवढं सांगून गप्प बसा.

रोज किती तास खेळावं?

शाळा-कॉलेज असताना दोन तास पुरेत, त्यातले वीस मिनिटं ट्रेनिंग आणि वीस मिनिटं रिप्ले. उरलेल्यात दोन-तीन नीट सामने. सहा तास झोपेत असल्यासारखे सामने लावण्यापेक्षा यातून जास्त निघतं. स्क्रिम (टीमांचे सराव सामने) रात्री उशिरा असतात आणि सकाळी पहिली एसटी गाठायची असते. झोप मोडून खेळलात तर दुसऱ्या दिवशी हातही मंद चालतो आणि डोकंही.

आई विचारते: मुलगा पंधरा वर्षांचा आहे. याला परवानगी द्यावी का?

हा गेम १८ खालच्या मुलांना पालकांच्या संमतीनेच खेळता येतो. मधल्या बंदीनंतर २०२३च्या मे महिन्यात तो भारतात परतला तेव्हा १८ खालच्यांना दिवसाला ३ तास आणि मोठ्यांना ६ तास अशी मर्यादा घातली गेली. नोंदणीला पालकाचा नंबर लागतो. तो नंबर खरोखर तुमचाच आहे ना, हे तपासा. मावशीचा किंवा मित्राच्या भावाचा नंबर देऊन काम भागवलेलं असतं.

माझ्या मते, बंदीपेक्षा वेळ ठरवून देणं चालतं. एक सामना अर्ध्या तासाचा असू शकतो, त्यामुळे ‘आत्ता ठेव’ म्हणण्याऐवजी ‘हा झाला की बंद’ म्हणा, आणि मग तो शब्द त्याने पाळलाच पाहिजे. त्याची ती मरणांची वही बघायला मागा. वही असेल तर तो शिकतोय. वही नाही, चिडचिड वाढलीय, अभ्यास घसरलाय, जेवणावर लक्ष नाही, असं दिसलं तर काही आठवडे थांबवा. गेममधल्या कपड्या-बंदुकांवर पैसे खर्च करून खेळ सुधारत नाही हेही त्याला सांगा. फोनमध्ये तुमचं यूपीआय उघडं ठेवू नका.

पन्नास रुपये भरून, किलला पैसे देणारी कस्टम रूम खेळू का?

लांब राहा. २०२५ साली संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर त्यात बंदी आहे आणि ते चालवणाऱ्यांना शिक्षा आहे. ई-स्पोर्ट्सला (स्पर्धा म्हणून खेळल्या जाणाऱ्या व्हिडिओ गेमना) तोच कायदा मान्यता देतो. तिथे स्पर्धेत उतरण्यासाठी किंवा व्यवस्थेच्या खर्चासाठी शुल्क असू शकतं आणि कामगिरीवर बक्षीसही असू शकतं. टेलिग्रामवरच्या कोणा अनोळखी माणसाला पैसे पाठवून खेळलेली रूम या चौकटीत बसत नाही. पैसे बुडाले तर दाद मागायलाही जागा राहत नाही. सरावासाठी फुकटचे स्क्रिम भरपूर आहेत.

मुलींच्या टीम आहेत का? मला माइकवर बोलायला नको वाटतं.

आहेत, आणि मिश्र टीमही आहेत. अनोळखी लोकांच्या माइकवर घाणेरडं बोलणं होतं हे खरंच आहे. अशा वेळी म्यूट करा, रिपोर्ट करा आणि त्या स्क्वॉडमधून बाहेर पडा. सहन करत बसायचं कारण नाही. ओळखीच्या चौघींची टीम बांधा आणि फक्त टीमचा व्हॉइस चालू ठेवा. आयजीएल म्हणून मुली फार चांगलं काम करतात, हे मी जवळून बघते आहे.

यात करिअर आहे का?

२०२२च्या डिसेंबरमध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली. २०१८च्या जकार्ता आशियाई खेळांत ते प्रात्यक्षिक म्हणून होते आणि तीर्थ मेहता यांनी हर्थस्टोन या गेममध्ये कांस्य जिंकलं; पुढच्या हांगझोऊच्या आशियाई खेळांत ते पदकांसह आले. म्हणजे दार उघडलंय. पण आत जागा थोड्या आहेत, आणि गेमच बंद पडण्याची टांगती तलवार असते. बीजीएमआयच्या आधीचा पब्जी मोबाइल सप्टेंबर २०२० मध्ये बंद झाला. बीजीएमआय जुलै २०२१ मध्ये आला आणि साधारण वर्षभराने स्टोअरवरून हटवला गेला. त्या काळात चांगल्या टीम फुटल्या. म्हणून शिक्षण सोडून यात उतरू नका. समालोचन, सामन्यांचं विश्लेषण, व्हिडिओ संपादन ही कामंही याच क्षेत्रात आहेत, आणि नीट मराठीत समालोचन करणाऱ्यांना वाव आहे असं मला मनापासून वाटतं.

बारावीनंतर टीममधले दोघे पुण्या-मुंबईला गेले. आता?

टीम मोडू नका, वेळ बदला. त्यांच्याकडे रेंज चांगली असेल आणि वेळ कमी, तुमच्याकडे उलट. शनिवार-रविवारची संध्याकाळ सगळ्यांना जमते. मधल्या दिवसांत गावातल्या दोन नव्या मुलांना घेऊन खेळा. त्यांना नकाशा समजावून सांगताना तुमचाही पक्का होतो.

पहिली स्पर्धा आहे. त्या दिवशी काय करायचं?

नवीन काही करू नका. सेटिंग तेच, उतरायची जागा तीच. अपडेट आणि नकाशे आदल्या दिवशी उतरवलेले हवेत. फोन पूर्ण चार्ज, दुसऱ्या कंपनीचं सिम आणि हॉटस्पॉट देणारा एक फोन जवळ. शक्य असेल तर ज्याच्या घरी फायबर आणि इन्व्हर्टर आहे तिथे चौघे जमा, पण चौघे एकाच वायफायवर असाल तर घरातल्या बाकीच्यांना तेवढा वेळ व्हिडिओ बंद ठेवायला सांगा. रूमचा आयडी आणि पासवर्ड सामना सुरू व्हायच्या थोडा वेळ आधीच येतो, तेव्हा एकाने फक्त त्याकडे लक्ष द्यायचं. स्लॉट नंबर (रूममधली तुमच्या टीमची ठरलेली जागा) चुकवू नका; दुसऱ्याच्या स्लॉटवर बसलात तर टीम बाद होऊ शकते. पहिला सामना वाईट गेला तर दुसऱ्याच्या आधी त्यावर चर्चा करू नका, पाणी प्या आणि उतरायची जागा पुन्हा एकदा मोठ्याने बोला. प्रत्येक सामना संपल्यावर निकालाच्या पानाचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. टेबलात गुण चुकले तर आयोजक तोच मागतात.